दार आणि वारा

जॉर्जियन भाषेत दाराला ‘कारि’ म्हणतात आणि वाऱ्याला ‘खारि’. जॉर्जियाची राजधानी असलेल्या त्बिलिसीच्या साबुर्तालो भागातील एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, मार्च महिन्यातील एका संध्याकाळी हे दोन शब्द मी पाठोपाठ ऐकले. बाहेर सोसाट्याचा वारा सुटला होता, सज्जाचे दार धाडकन आपटले आणि चहाचा पेला हातात धरून बसलेल्या घरमालकीणबाई ‘खार्मा कारि’ अशी सुरुवात करून काहीतरी म्हणाल्या. माझी भाची तेथे वैद्यकीय शिक्षण घेते आणि या बाईंकडेच भाड्याने राहते. तिने अर्थ सांगितला: वाऱ्याने दार आपटले. तिच्या वर्गातील काही परदेशी मुलांना वर्षभर ऐकूनही हे दोन शब्द वेगळे करता येत नाहीत, असेही ती म्हणाली. मला तर ते पहिल्याच खेपेस वेगळे ऐकू आले होते. एकात क आणि दुसऱ्यात ख. मराठी माणसाला यात अवघड ते काय, असे वाटून मी दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून दाखवले. बाईंनी डोळे मिटून ऐकले आणि भाचीकडे पाहून एक वाक्य उच्चारले. भाचीने ते मराठीत सांगितले: “मावशी, बेबो म्हणते, वारा अगदी बरोबर आला, पण दार उघडंच राहिलं.”

बेबो म्हणजे आजी. भाची त्यांना याच नावाने हाक मारते, म्हणून मीही येथे त्यांना बेबोच म्हणते. त्या सत्तरीच्या उंबरठ्यावर आहेत आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी मुलांना गाणे शिकवले. मी सातारा जिल्ह्यातील शाळेत एकतीस वर्षे मराठी शिकवले. त्या दोन महिन्यांच्या मुक्कामात आमच्यात सामाईक अशी एकही भाषा नव्हती. भाची घरी असेल तेवढा वेळ ती दुभाषी, एरवी हातवारे आणि माझी एक शंभरपानी वही. नव्या भाषेतील प्रत्येक शब्द मी त्या वहीत देवनागरीत लिहीत असे. आपल्या लिपीत जगातील कोणताही उच्चार जसाच्या तसा लिहिता येतो, असे मी वर्गात मुलांना अनेक वर्षे मनापासून सांगत आले होते, आणि वही उघडताना त्या विधानावर माझा पूर्ण विश्वास होता.

पहिल्या आठवड्यात तर तो विश्वास दुणावला. जॉर्जियन नावे आपल्यापर्यंत रोमन लिपीतून येतात आणि त्या प्रवासात त्यांचे महाप्राण, म्हणजे श्वास जोडून येणारे ख, थ, फ सारखे वर्ण, गळून पडतात. आपण वर्तमानपत्रांत बातुमी, कुतैसी, तेलावी असे वाचतो. बेबोच्या तोंडून मात्र ती गावे बाथुमि, खुथाइसि, थेलावि अशी येत होती. त्बिलिसी हे थ्बिलिसि होते. देशाचे त्यांच्या भाषेतील नाव साखार्थ्वेलो आणि भाषेचे नाव खार्थुलि. त्यांचा महाप्राण आपल्याइतका दमदार नाही, पण तो आहे, स्वच्छ आहे आणि त्याच्यासाठी त्यांच्या लिपीत स्वतंत्र अक्षरे आहेत. फ, थ, ख, छ हा आपल्या वर्णमालेतील स्तंभ मी जसाच्या तसा उचलून त्यांच्या अक्षरांपुढे मांडला. विशेष आनंद झाला तो फ ऐकून. जॉर्जियनमध्ये दात ओठावर टेकवून काढलेला इंग्रजी धाटणीचा फ नाहीच. बाहेरून आलेल्या शब्दांतही ते दोन्ही ओठ मिटून, आपला जुना, खरा फ उच्चारतात. फोटो हा शब्द बेबोच्या तोंडी जसा येतो तसा तो माझ्या आजीच्या तोंडी येत असे. आज आमच्या शहरांतील मुले फळ आणि फूल हे शब्दही दात टेकवून म्हणतात. ते ऐकताना मला दर वेळी वाईट वाटते, आणि एवढ्या दूरच्या देशात तो ओठांचा फ अबाधित ऐकून फार बरे वाटले.

ग्रीकमधून आलेल्या शब्दांतही हा महाप्राण टिकून आहे. फिलोसोफिआ, थेआत्रि, ख्रिस्ते या शब्दांत फ, थ, ख हे ग्रीक लिपीतील त्या त्या अक्षरांच्या जागी येतात, आणि ती अक्षरे प्राचीन ग्रीकमध्येही महाप्राणच होती. आपणही थिएटर लिहितो ते थ ने. वाट वेगळी, पण अक्षर तेच निघाले.

आता दाराकडे येते. माझ्या वहीत अल्पप्राणांचा, म्हणजे श्वास न जोडलेल्या वर्णांचा, स्तंभ मोकळा होता, आणि जॉर्जियनमध्ये प, त, क, च यांच्या जवळपासचे आणखी चार आवाज उरले होते. मी ते त्या मोकळ्या जागी बसवले आणि प्रश्न सुटला असे मानले. चूक नेमकी येथेच झाली होती. बेबोने दुसऱ्या दिवशी सकाळी मला खुर्चीवर बसवले, कागदाची एक अरुंद पट्टी कापली आणि ती माझ्या ओठांसमोर धरून ‘खारि’ म्हणायला लावले. पट्टी हलली. मग पट्टी स्वतःच्या ओठांसमोर धरून आणि माझे एक बोट आपल्या कंठमण्याच्या जागी ठेवून त्या ‘कारि’ म्हणाल्या. पट्टी हलली नाही, पण माझ्या बोटाखाली काहीतरी किंचित वर उचलले गेले आणि एक बारीक, कोरडा, टणक आवाज झाला. जसा वाळकी शेंग तडकताना होतो तसा.

आपण क म्हणतो तेव्हा जिभेचा मागचा भाग टाळूला टेकतो, छातीतून येणारी हवा त्याच्या मागे अडते, आणि जीभ सुटली की ती बाहेर पडते. दाराच्या ‘कारि’मध्ये जीभ टाळूला टेकते त्याच वेळी गळ्यातील स्वरतंतूही घट्ट मिटतात. म्हणजे एक दार तोंडात लागते आणि दुसरे गळ्यात. या दोन बंद दारांमध्ये चिमूटभर हवा कोंडली जाते, स्वरयंत्र थोडे वर सरकते, त्यामुळे ती हवा दाबली जाते, आणि मग आधी तोंडातले दार उघडते, त्यानंतर गळ्यातले. छातीतील श्वासाचा या आवाजात काहीही वाटा नसतो. याउलट ‘खारि’मध्ये गळा सताड उघडा असतो आणि व्यंजनाच्या पाठोपाठ श्वास वाहत येतो. दाराच्या शब्दात गळ्याचे दार मिटते आणि वाऱ्याच्या शब्दात ते वाऱ्यासाठी उघडे राहते. हा योगायोग आहे हे मला समजते, तरी त्याच्यामुळे हे दोन शब्द मला कायमचे लक्षात राहिले.

या आवाजांना मी माझ्यापुरते ‘कंठबंद’ असे नाव दिले. कॉकेशस पर्वताच्या दोन्ही अंगांना बोलल्या जाणाऱ्या अनेक भाषांत ते आहेत, आणि त्या भाषा एकमेकींच्या नात्यातल्या असतीलच असे नाही. जॉर्जियन तर मेग्रेली, लाझ आणि स्वान या तीन बहिणींखेरीज जगातील कोणत्याही भाषेच्या सिद्ध झालेल्या नात्यात नाही. मराठीत असा वर्ण नाही, पण छातीच्या श्वासावाचून निघणारा आवाज मात्र आपण रोज करतो. कुणाचे वाईट झाले की आपण जे चुकचुकतो, त्यात जीभ हवा आत ओढते. त्या आवाजाला आपण वर्ण मानले नाही आणि अक्षरही दिले नाही. जॉर्जियन लोक उलट बाजूने, हवा बाहेर तडकावून, असेच आवाज करतात आणि त्यांच्यावर भाकरीसारखे रोजचे शब्द उभे करतात.

भाकरीचीच गोष्ट सांगते. कोपऱ्यावर एक भट्टी होती. जमिनीत बसवलेल्या मातीच्या रांजणासारख्या त्या भट्टीला ‘थोने’ म्हणतात. तिच्या आतल्या अंगाला कणकेचे लांब, होडीच्या आकाराचे पट्टे थापून रोटी भाजतात. रोटीला शब्द आहे ‘पुरि’, प कंठबंद. तोच प महाप्राण झाला की ‘फुरि’, म्हणजे गाय. इंग्रजी वळणाची माणसे शब्दारंभीच्या प ला नकळत श्वास जोडतात, त्यामुळे ती रोटीवालीकडे गाय मागून बसतात. माझ्याकडून असे कधी झाले नाही. मी आपली मराठी पुरी म्हणत असे आणि रोटीवाली बाई निमूट रोटी देई. मराठीतला विनाश्वास प त्यांच्या कानाला कंठबंद प च्या जवळचा वाटतो. रशियनमधून आलेले शब्दही त्यांनी याच न्यायाने घेतले आहेत, म्हणून संगणकाला ते ‘कोम्पिउतेरि’ म्हणतात तेव्हा त्यातले क, प आणि त हे तिन्ही कंठबंद असतात. माझे काम भागत होते, आणि काम भागते म्हणूनच उच्चार चुकतो आहे हे कळायला उशीर लागला. समोरच्याला समजणे ही एक गोष्ट आहे आणि शब्द त्याच्या जागी उमटणे ही दुसरी. बेबोसारख्या गाणे शिकवणाऱ्या बाईला या दोहोंतले अंतर ऐकू येत होते आणि ते तसेच सोडून देणे त्यांना मान्य नव्हते.

च च्या घरात तर माझी वही पुरती गोंधळली. मराठीत च दोन आहेत, चहातला आणि चाकातला. ज सुद्धा दोन, जिवातला आणि जाडीतला. ‘जरा थांब’ मधला जरा आणि म्हातारपण या अर्थी जरा आपण वेगवेगळे उच्चारतो, पण लिहितो एकाच अक्षराने. जॉर्जियनमध्ये या दोन्ही कुळांना स्वतंत्र अक्षरे आहेत, आणि प्रत्येक कुळात घोष (ज सारखा, स्वरतंतू कंप पावून निघणारा), महाप्राण आणि कंठबंद असे तिघे. दंत्य कुळातील तिघांचे शब्द बेबोने मला एका कागदावर लिहून दिले. जाडीतल्या ज ने सुरू होणारा ‘ज़ेलि’ म्हणजे ओंडका. पुढचा, चाकातल्या च ला श्वास जोडून म्हणायचा, म्हणजे गवत कापायचा लांब दांड्याचा विळा. तिसरा, त्याच च ला गळा मिटून म्हणायचा, म्हणजे वर्ष, आणि कंबरही. विळा आणि वर्ष हे दोन्ही मी वहीत ‘त्सेलि’ असेच लिहिले, कारण चाकातल्या च चा महाप्राण मराठीत नाही. आपला छ हा चहाच्या कुळातला. एका ओळीखाली दुसरी ओळ, दोन्हींत तीच अक्षरे आणि अर्थ दोन. एकतीस वर्षे मी जी गोष्ट मुलांना सांगितली होती, ती त्या दोन ओळींनी खोटी ठरवली. मला त्याचे दुःख झाले नाही असे म्हणणे खरे होणार नाही.

त्यांच्या वर्णमालेत आज तेहतीस अक्षरे आहेत. लहान-मोठी अशी दोन रूपे नाहीत, आणि जसे लिहिले तसेच वाचायचे. अक्षरांचा क्रम साधारणपणे ग्रीक वर्णमालेच्या वाटेने जातो, आणि ग्रीकमध्ये नसलेले, खास त्यांचे असे बहुतेक आवाज शेवटाकडे ओळीने येतात: ग़, क़, श, छ, दंत्य कुळातले तिघे, कंठबंद च, ख़, ज. ते पाहून मला आपला ळ आठवला. कंठापासून ओठांपर्यंत शिस्तीत चालत आलेली आपली वर्णमालाही ह पर्यंत पोचल्यावर ळ ला शेवटी जागा देते, आणि तरी ळ काढून टाकला तर मराठीचा केवढा भाग नाहीसा होईल!

जॉर्जियनविषयी बाहेरचे लोक सर्वांत आधी बोलतात ते तिच्या जोडाक्षरांविषयी. ‘ग्व्फ्र्त्स्ख्व्नि’ हा शब्द कौतुकाने दाखवला जातो: आठ व्यंजने आणि मग एकच स्वर. अर्थ आहे, तू आम्हाला सोलतोस. हे कुणी रोज म्हणत नाही. पण खेळाडूंच्या प्रशिक्षकाला ‘म्त्स्व्र्थ्नेलि’ हाच साधा शब्द आहे, आणि सूर्य ‘म्ज़े’, चंद्र ‘म्थ्वारे’, डोंगर ‘म्था’, लांडगा ‘म्गेलि’, हिरवा ‘म्त्स्वाने’ हे तर लहान मुलांचे शब्द आहेत. संस्कृतातील कार्त्स्न्य या शब्दात पाच व्यंजने एकत्र येतात आणि पाठांतर करणाऱ्यांची परीक्षा पाहतात, पण तेथे अलीकडे आ आणि पलीकडे अ असल्यामुळे ओझे दोन खांद्यांवर वाटले जाते. येथे अलीकडे कुणीच नाही. शब्दाची सुरुवातच उंबरठ्याशिवाय.

हे लिहिताना देवनागरीची दुसरी अडचण माझ्या ध्यानात आली आणि ती मला कंठबंद आवाजांपेक्षाही खोल वाटली. आपल्या प्रत्येक व्यंजनाच्या पोटात अ असतो. तो नको असेल तर पाय मोडावा लागतो. स्वतः शोभतो तो स्वर आणि त्याच्यामागे जाते ते व्यंजन, असे आपली व्याकरणपरंपरा मानत आली, आणि लिपीही त्याच समजुतीने घडली. जॉर्जियनमध्ये आ, ए, इ, ओ, उ हे पाचच स्वर आहेत, त्यांत ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही, आणि अ तर मुळीच नाही. जो स्वर आपण न लिहिताही सर्वत्र मानतो, तो त्या भाषेत कोठेच नाही. त्यामुळे माझ्या वहीची पाने पाय मोडलेल्या अक्षरांनी भरून गेली, आणि ती वाचताना माझी जीभ जुन्या सवयीने जेथे तेथे अ घालू लागली. शहरातून वाहणाऱ्या नदीचे नाव ‘म्त्क्वारि’. मी ते मतक्वारी असे म्हणे. म्, त्, क् ही तिन्ही व्यंजने स्वतःच्या पायांवर उभी असतात, त्यांतला त आणि क जवळजवळ एका झटक्यात सुटतात, आणि शेवटचा व, जो सुदैवाने अगदी आपल्या व सारखा मऊ आहे, त्यांना आ कडे घेऊन जातो. जग या नदीला ‘कुरा’ म्हणते. थ आणि ब मध्ये स्वर घालून शहराचेही तिफ्लिस केले, आणि १९३६ पर्यंत ते नाव सरकारदरबारी चालले. मूळ शब्द ‘थ्बिलि’, म्हणजे उबदार. गरम पाण्याच्या झऱ्यांवरून पडलेला. त्या गंधकाच्या झऱ्यांवरची स्नानगृहे जुन्या गावात आजही चालू आहेत. मी या परक्या जिभांना दोष देत नाही. आमच्याकडेही स्टोव्हचा इस्टो आणि प्रसादाचा परसाद झालाच, आणि ओवीच्या लयीत तो परसादच गोड लागतो.

पण ही जोडाक्षरे म्हणजे नुसती उच्चाराची कसरत नव्हे, हे मला भाचीच्या अभ्यासामुळे कळले. तिचे शिक्षण इंग्रजीत चालते, परंतु रुग्णाच्या खाटेपाशी गेल्यावर जॉर्जियनशिवाय गत्यंतर नसते. रोज संध्याकाळी ती बेबोसमोर बसून एकच प्रश्न घोकत असे: ‘रा ग्त्किवाथ्?’ म्हणजे, आपल्याला काय दुखते? उत्तर येते ‘म्त्किवा’, मला दुखते. ‘ग्त्किवा’, तुला दुखते. ‘स्त्किवा’, त्याला दुखते. ‘ग्व्त्किवा’, आम्हाला दुखते. शब्दाच्या तोंडाशी असलेले ते एकेक व्यंजन म्हणजे एकेक माणूस आहे. म् गाळला तर दुखणाराच गळून पडतो. आणि मराठीप्रमाणेच तेथेही मी दुखत नाही, मला दुखते. तिच्या वर्गातील इतरांना हे वळण विचित्र वाटे, पण भाचीला ते समजावून सांगावे लागले नाही.

तिची अडचण वेगळीच होती. गळ्याला शब्द आहे ‘क़ेलि’ आणि हाताला ‘ख़ेलि’. दुसऱ्यातला ख़ उर्दूतल्या ख़बर सारखा घासून येतो, तो तिला जमत होता. पहिल्यातला क़ मात्र टाळूच्याही मागे, पडजिभेच्या जवळ अडतो आणि वर गळा मिटून तडकतो, आणि त्याच्या शेवटी थोडी घासही ऐकू येते. एका वृद्ध गृहस्थांनी ‘क़ेलि म्त्किवा’ म्हटले आणि तिने टिपणात हात असे लिहिले. त्यांनी ते पाहिले नव्हते, पण तिच्या प्रश्नांवरून घोटाळा त्यांच्या लक्षात आला असावा, कारण त्यांनी गळ्यावर बोट ठेवून तो शब्द पुन्हा, सावकाश उच्चारला. गळ्याचे नाव ज्या आवाजाने सुरू होते तो आवाज बरोबर त्या बोटाखाली घडत होता. त्या रात्री घरी येऊन तिने आरशासमोर उभे राहून तो शब्द किती वेळा म्हटला असेल कोण जाणे.

क़ साठी तेथील मुलांना एक वाक्य शिकवतात: ‘बाक़ाक़ि त्स्क़ाल्शि क़िक़िनेब्स’. बेडूक पाण्यात डरावतो. बेडकाचे नाव, पाण्याचे नाव आणि त्याचे ओरडणे, तिन्हींत तोच आवाज. बेबो ते वाक्य म्हणत तेव्हा डबक्याकाठी बसल्यासारखे वाटे. या क़ ला पूर्वी एक महाप्राण भाऊ होता. प्रमाण भाषेत तो ख़ मध्ये मिसळून गेला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इलिया चावचावाज़े यांच्या नेतृत्वाखालील साक्षरता प्रसारक मंडळींनी जी पाच निरुपयोगी झालेली अक्षरे वर्णमालेतून काढली, त्यांत त्याचेही अक्षर गेले. स्वान भाषेत मात्र तो आवाज अजून जिवंत आहे. मला त्यांचा हा निर्णय प्रामाणिक वाटतो. आवाज गेला तर अक्षर अडवून धरायचे नाही, आणि आवाज असेल तर त्याला अक्षर नाकारायचे नाही.

आणि असलेल्या आवाजांसाठी ही माणसे रस्त्यावरही उतरली आहेत. १९७८ साली सोव्हिएत राजवटीत प्रजासत्ताकाच्या नव्या राज्यघटनेच्या मसुद्यातून जॉर्जियनचा राजभाषेचा दर्जा काढण्याचे घाटत होते, तेव्हा १४ एप्रिलला त्बिलिसीत हजारो लोक, त्यांत पुष्कळ विद्यार्थी, रस्त्यावर आले आणि तो दर्जा कायम राहिला. तो दिवस आज भाषादिन म्हणून पाळतात. बेबो तेव्हा विद्यार्थिनी होत्या. त्याविषयी विचारल्यावर त्यांनी उत्तर दिले नाही. कपाटातून एक जुनी, कडा झिजलेली अंकलिपी काढून माझ्यासमोर ठेवली. याकोब गोगेबाश्विलि यांनी १८७६ साली केलेली ही अंकलिपी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असून तिचे नाव ‘देदा एना’ असे आहे. देदा म्हणजे आई आणि एना म्हणजे जीभ, भाषा. (वडिलांना मात्र तेथे मामा म्हणतात, आणि भाचीला त्याची सवय व्हायला बराच काळ लागला.) तिचा पहिला पाठ दोनच शब्दांचा आहे: ‘आइ इआ’. इआ हे एका जांभळ्या रानफुलाचे नाव; हे पाहा इआ, एवढाच अर्थ. जी भाषा व्यंजनांच्या डोंगरकड्यांसाठी ओळखली जाते, तिने आपल्या मुलांच्या हाती सर्वांत आधी एकही व्यंजन नसलेले वाक्य दिले आहे. शिक्षिका म्हणून मला त्या पानापुढे नतमस्तक व्हावेसे वाटले.

भारताचा विषय निघाला की बेबो मुंबईचे नाव घेत नसत, गोव्याचे घेत. काख़ेथि प्रांताच्या राणीला इराणच्या शाह अब्बासच्या हुकमावरून १६२४ साली शिराझमध्ये हाल करून मारण्यात आले, कारण तिने धर्म सोडायला नकार दिला. ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिच्या अस्थींचा काही भाग १६२७ मध्ये गोव्यात आणला. जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीनच्या भग्न चर्चमध्ये उत्खननात सापडलेल्या अस्थी तिच्याच असाव्यात, असा निष्कर्ष हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी जनुकीय तपासणीतून काढला, आणि २०२१ च्या जुलैमध्ये त्यांचा एक भाग भारताने जॉर्जियाला दिला. ही बातमी मी मराठीत वाचली होती आणि तिथे नाव होते केतेवान. त्या पडक्या मनोऱ्यापाशी मी स्वतः दोनदा उभी राहिले आहे आणि तेथेही मनात तेच नाव होते. बेबोने ते घेतले, ‘खेथेवान्’. ख आणि थ, दोन्ही महाप्राण, दोन्ही आपल्या वर्णमालेत हजर, आणि तरी आम्ही रोमन अक्षरांवर विसंबून ते गमावले होते. जे आपल्याला लिहिता येत नाही त्याची खंत एक वेळ समजू शकते. हे तर आपल्याला उत्तम लिहिता आले असते. मी वहीत ते नाव नीट लिहून त्याच्याभोवती चौकट केली.

मुक्काम संपत आला तेव्हा बेबोच्या मैत्रिणी जेवायला आल्या आणि ताटे उचलण्याआधी तिघींनी मिळून गाणे म्हटले. जॉर्जियाचे बहुस्वरी गायन जगात मान्यता पावलेले आहे. १९७७ साली अवकाशात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरील तबकडीतही त्याचा एक नमुना आहे. मी त्यातले संगीत जाणत नाही, पण एक गोष्ट कानाने टिपली. गाताना त्या बायका व्यंजनांचे कडे चटकन, एका पावलात चढून जात आणि मग स्वरावर पोचल्या की तेथे निवांत थांबत. तीन गळे तीन वेगळ्या सुरांवर, पण कंठबंद आवाजाला तिघींचे गळे एकदम मिटत, आणि त्या क्षणार्धाच्या निःशब्दतेत स्वयंपाकघरातील घड्याळाची टिकटिक ऐकू येई.

निघायच्या दिवशी बेबोने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, ‘शेनि चिरिमे’. हा शब्दसमूह मी बाजारात, बसमध्ये, फोनवर असंख्य वेळा ऐकला होता आणि माझ्या मते मला तो येतही होता. चिरि म्हणजे पीडा, रोगराई. तुझी पीडा मला लागो, असे काहीसे त्या दोन शब्दांत आहे. त्यातला च कंठबंद. त्याचा महाप्राण करून छिरि म्हटले तर अर्थ होतो सुकवलेली फळे. ते ऐकून मी नकळत माझे दोन्ही हात त्यांच्या चेहऱ्यावरून उतरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटे मोडली, जशी माझी आजी मोडत असे. कडकड असा आवाज झाला. बेबो चकित झाल्या. भाचीने त्यांना सांगितले की, आमच्याकडे याला अलाबला घेणे म्हणतात. त्यांनी माझे हात पुन्हा हातात घेतले, बोटांकडे पाहिले, मग स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून सावकाश ‘चिरि’ म्हणाल्या आणि मान हलवली. त्यांना जे दोन महिने मला शिकवायचे होते, ते माझ्या बोटांना आधीपासून येत होते. मी बोटांच्या त्या आवाजाचे अनुकरण गळ्यात करून पाहिले, श्वास पूर्ण अडवून, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला दुरुस्त केले नाही.

त्याच दिवशी त्यांनी मलाही एक शब्द मागितला. मी ‘बाळ’ दिला. त्यांच्या भाषेत जिभेचे टोक मागे वळवून बोलायचे असे काहीच नाही. ट नाही, ड नाही, ळ तर नाहीच. आता दर रविवारी त्यांचा ध्वनिसंदेश येतो. आधी माझ्या प्रकृतीची चौकशी असते, ती मला आता भाचीवाचून कळते, आणि शेवटी तो एक शब्द. पहिले काही आठवडे तो बाल होता, मग बार झाला. गेल्या रविवारी त्यांनी तो म्हणताना मध्येच थांबून पुन्हा म्हटला, आणि जीभ मागे वळल्याचे मला स्पष्ट ऐकू आले. मी उलट संदेशात बोटे मोडली, आणि मग गळा मिटून ‘शेनि चिरिमे’ म्हटले.